चौथ्या दिवसाचं पाणी

तिसऱ्यांदा दार तासायला बोलावलं, तेव्हा सुतार उंबऱ्यातच बसला आणि रंधा मांडीवर ठेवून म्हणाला, "मी नाही तासणार. आणखी तासलं तर दार उरणार नाही, पट्टी उरेल. त्यापेक्षा चादर टांगा."

"अहो, चादर काय टांगा?" माझी धाकटी बहीण त्याच्यावर खेकसली. "संडासाचं दार आहे ते! काल सासूबाई अर्धा तास आत अडकून पडल्या होत्या. आतून कडी निघाली तरी दार हलेना. शेवटी लाथ घालावी लागली, लाथ!"

"दाराचा काही दोष नाही, ताई. दार अजून काटकोनात आहे." त्यानं पिशवीतून गुण्या काढला, दाराच्या कोपऱ्याला लावून दाखवला. बरोबर बसला. मग तोच गुण्या चौकटीला लावला, तर वरच्या अंगाला बोट जाईल एवढी फट. "ही बघा. चौकट सरकलीय. चौकट कशाला धरून असते? भिंतीला. आणि भिंत कुणी बांधली, ते मी सांगत नाही."

भिंत मी बांधली होती. मी तिथंच उभा होतो, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाकूड ओलं घातलंस आणि वर भिंतीला बोल लावतोस? पावसात लाकूड फुगतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

एरवी हा सुतार वाद घातल्याशिवाय जागचा हलत नाही. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं, रंधा पिशवीत घातला आणि चहाही न घेता गेला. ते मला जास्त झोंबलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दारावरून काय भांडता? तर आधीचं सांगतो. आता सांगायला हरकत नाही, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

धाकटीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, पिठाची गिरणी चालवतात. गिरणीच्या मागं दीड खोली, त्यात तिघं राहायचे: ही दोघं आणि दाजींची आई. संडास नव्हता. ओढ्याकडेला जायचं. धडधाकट माणसाचं निभावतं हो. पण म्हातारी पायरीवरून घसरली आणि खुबा मोडून बसली. ऑपरेशन झालं, कुबडी आली, पण उकिडवं बसणं कायमचं संपलं. मग काय, मध्ये भोक पाडलेली खुर्ची आणि खाली बादली. रोज सकाळी धाकटी ती बादली उचलून ओढ्याकडे जायची. म्हातारी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायची. "सुनेनं माझी घाण वाहावी, त्यापेक्षा ऑपरेशनातच गेले असते तर बरं झालं असतं," म्हणायची. रोज म्हणायची.

धाकटीनं तेव्हाच मनात घेतलं. गावाच्या खालच्या अंगाला दाजींच्या वाटणीची एक लांबुळकी पट्टी होती, तिथं घर टाकायचं. मला म्हणाली, "दादा, खोल्या लहान कर, खिडक्या कमी कर, काय करायचं ते कर. पण सासूबाईंना घरातल्या घरात जाता आलं पाहिजे. कुणाला हाक न मारता."

"एवढंच ना? दिलं म्हणून समज," मी म्हणालो.

आता जरा मातीचं ऐका. आमच्या गावात दोन जातीची जमीन. वरच्या अंगाला मुरूम. तांबूस, खरबरीत, ओतलेलं पाणी गटागटा पिणारा. तिथं घर बांधा, हलायचं नाव घेणार नाही. पण वांग्याचं रोप लावाल तर चार दिवसांत मान टाकेल. खालच्या अंगाला काळी माती. भाजीपाल्याला सोनं, आणि घराला महा बदमाश. उन्हाळ्यात आकसते, मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात फुगते, भेगा मिटतात, आणि मग खालून असा रेटा देते की फरशा उचलतात.

हे मला माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं. म्हणून तर पाया चार फूट खणला, काळी उपसून बाहेर काढली, वरच्या अंगाचा मुरूम आणून भरला, थराथराला पाणी मारून धुमसानं चोपून घट्ट केला. पायाच्या कामात मी कसूर ठेवली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

कसूर झाली ती शोषखड्ड्यात. संडासातलं सगळं आधी टाकीत जातं. गाळ टाकीच्या तळाला बसतो आणि वरचं पाणी पुढं शोषखड्ड्यात उतरून जमिनीत मुरतं. पण जमीन ते मुरवते की नाही, हे आधी तपासावं लागतं. तपासायची रीत माझ्या बापानं मला शिकवलेली. कंबरभर खड्डा काढायचा, तोंडापर्यंत पाण्यानं भरायचा. दुसऱ्या दिवशी परत भरायचा, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी भरला की काठी रोवायची, खूण करायची आणि मग मोजायचं, तासाला किती उतरलं ते. पहिले तीन दिवस मोजायचंच नाही. मी लहानपणी विचारलं होतं, "एवढं पाणी फुकट का घालवायचं?" तर बाप म्हणाला, "ते भेगांनी प्यायलेलं पाणी, गाढवा. मातीनं किती प्यायलं ते चौथ्या दिवशी कळतं."

आणि मी काय केलं? भर उन्हाळा, पट्टी भेगाळलेली. खड्डा काढला, आठ घागरी ओतल्या, आणि हात पुसून वळतोय तोवर पाणी गडप! दाजी बघतच राहिले.

"वा मिस्त्री! ही जमीन तर मुरमाला भारी निघाली!"

मीही फुशारलो. पाणी लांबून आणावं लागत होतं, मजूर खोळंबले होते, पावसाच्या आत छत घालायला हवं होतं. म्हटलं, झालं की! एका पाण्यावर उरकलं. बापाची रीत मला तोंडपाठ होती, नाही असं नाही. पण तीस वर्षं घरं बांधल्यावर मला कोण विचारणार, अशी गुर्मी होती. घाईचं नुसतं निमित्त. आणि जमीन एवढं पितेय म्हटल्यावर पट्टीच्या टोकापर्यंत लांब चर कशाला खणायचा? शोषखड्डा मागच्या भिंतीपासून पाच फुटांवर घेतला.

घर झालं, संडासात खुर्चीसारखं बसायचं भांडं बसवलं. म्हातारी पहिल्या दिवशी कुबडी टेकत संडासात गेली, दार लावून घेतलं, आणि बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. धाकटीचा जीव वरखाली.

"सासूबाई, झालं का हो?"

"झालं ग केव्हाच," आतून आवाज आला. "बसलेय जरा. काय घाई आहे?"

आम्ही सगळे खो खो हसलो. म्हातारी बाहेर आली आणि माझा हात धरून म्हणाली, "मिस्त्री, राणी केलीस मला." मी त्यानंतर महिनाभर हवेत होतो, खोटं कशाला बोलू.

धाकटीनं घराभोवती भाजी लावली. पुढं वांगी आणि मिरची, मागं घेवडा, थोडी वांगी आणि भिंतीवर चढवलेला दुधी. सुरुवातीला पाऊस बरा झाला, मग वीस दिवस कडक उघडीप पडली. गावभर रोपं सुकली. तिच्या पुढच्या अंगणातली वांगीसुद्धा मलूल झाली. मागची मात्र तरारलेली! दुधीची पानं ताटाएवढी. येणारी-जाणारी बाई थांबून बघायची.

"काय घालतेस ग त्याला?"

"काही नाही बाई. मागं तर मी साधं पाणीपण घालत नाही," धाकटी कौतुकानं सांगायची. "जागाच चांगली आहे."

मी एकदा तिथंच बसलो होतो. ते माझ्या कानावर पडलं. मागं पाणी घालत नाही. वीस दिवस पाऊस नाही. मग हा दुधी पितो काय?

दुपारी सगळे आत होते तेव्हा मी मागं गेलो आणि दुधीच्या बुडाशी पहार घातली. हातभर खाली पाणी लागलं. काळं, वास मारणारं. भेगा केव्हाच मिटल्या होत्या, आणि शोषखड्ड्यातलं पाणी खाली उतरायचं सोडून आडवं पसरत होतं. एकीकडे दुधीच्या मुळाशी, दुसरीकडे भिंतीखाली. भिंतीच्या एका बाजूची माती ओली होऊन फुगणार, दुसऱ्या बाजूची कोरडीच राहणार, मग भिंतीचं काय होणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी बोललो असतो तर आठ दिवसांचं काम होतं. तो खड्डा बंद करायचा, पट्टीच्या टोकाला लांब उथळ चर काढायचे, पाणी तिकडे न्यायचं. पण मग सांगावं लागलं असतं की मिस्त्रीनं एका पाण्यावर काम उरकलं. सख्ख्या बहिणीच्या घराचं. मी पहार गवताला पुसली, भोक पायानं बुजवलं आणि चहाला जाऊन बसलो.

मग पावसानं परत जोर धरला. मागच्या कोपऱ्यात भिंतीला तिरपी चीर गेली, संडासाचं दार अडकायला लागलं, आणि सुतार तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळचं तुम्हाला सांगितलंच.

तो गेल्यावर धाकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, खरं सांग. भिंत का सरकली?"

तोंडात सगळं आलं होतं. तेवढ्यात दाजी गिरणीतून आले, भुवयांपर्यंत पीठ. त्यांनी चीर पाहिली आणि तेही माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"का म्हणजे? हे बघ की! भिंतीला चिकटून रान माजवलंयस. रोज बादल्या ओततेस, पाया भिजणार नाही तर काय होईल?"

"मी मागं पाणी घालतच नाही!" तिचा आवाज चिरकला. "सगळ्या गल्लीला विचार! एक तांब्या नाही घातला कधी!"

"तुला काय कळतं बांधकामातलं?"

"बांधकामातलं नाही कळत. पण मी पाणी घातलं की नाही, ते मला कळत नाही?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बिचारा साधा माणूस. "मिस्त्री म्हणतात तर असेल," म्हणाले, आणि स्वतःच मागं जाऊन दुधीचा वेल ओढला. तीन कोवळे दुधी लगडलेले होते. मग घेवडा, मग वांगी. आतून म्हातारी ओरडली, "अरे, फुलावर आहेत रे ती! नका रे!" धाकटी रडली नाही, भांडली नाही. खाली बसून पडलेली कोवळी वांगी एकेक गोळा करत राहिली. मला लाज वाटली का? वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

आणि नशीब बघा. त्या भाज्या पीत होत्या तेवढं तरी पाणी कमी होत होतं. त्या उपटल्यावर त्याला पिणारं कुणी उरलं नाही. आठवड्याच्या आत संडासाचं भांडं तुंबलं आणि घाण उलटी वर आली. म्हातारी आत होती. धाकटीनं तिला उचलून बाहेर आणलं, आंघोळ घातली, फरशी तीनदा धुतली. म्हातारी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

टाकी उपसली, तर दोन दिवसांत परत भरली. बाहेरचं पावसाचं पाणीच आत येत होतं. मग घरात ठरलं, कमीत कमी वापरायचं. दाजी आणि धाकटी पावसात ओढ्याकडे जायला लागले. "सासूबाई, तुम्ही बिनधास्त जा, मी नंतर साफ करीन," धाकटी म्हणायची. म्हातारी मान हलवायची.

चार दिवसांनी धाकटी मी काम करत होतो त्या घरी आली. भर दुपारी, पावसात, डोक्यावर रिकामं पोतं घेऊन.

"दादा, त्या पाणी पीत नाहीत रे."

"कोण?"

"सासूबाई. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. पेला भरून ठेवते, तसाच राहतो. 'तहान नाही,' म्हणतात. आज बघितलं तर जीभ अगदी कोरडी ठाक. दादा, काहीतरी कर ना त्या टाकीचं. तूच बांधलीयस, तुलाच कळेल."

"उद्या येतो," मी म्हणालो. "तू त्यांना दटावून पाज."

दुसऱ्या दिवशी मी गेलो, टाकी पुन्हा उपसली, आणि ती पुन्हा भरली. म्हातारीला दटावून झालं, विनवून झालं. ती दोन घोट घ्यायची आणि तोंड मिटायची. तिसऱ्या दिवशी बरळायला लागली तेव्हा दाजींनी गिरणी बंद केली आणि टेम्पो आणला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि धाकटीलाच फैलावर घेतलं. "म्हातारं माणूस घरात आहे, पाणीसुद्धा दिलं नाही का तुम्ही? मूत्रपिंडं गेली त्यांची." धाकटीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी तिच्या मागं, हातात म्हातारीची कुबडी घेऊन उभा होतो.

नवव्या दिवशी म्हातारी गेली.

त्यानंतर पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही. काम धरलं की हात थांबायचे. शेवटी एका सकाळी उठलो आणि धाकटीकडे गेलो. पाऊस उघडला होता. मागच्या भिंतीची चीर आता एवढी रुंदावली होती की पलीकडचा उजेड दिसत होता. दाजी गिरणीवर गेले होते. धाकटी ओट्यावर म्हातारीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चार दिवसांची रीत, एका पाण्यावर उरकलेलं काम, पाच फुटांवरचा खड्डा. "तुझ्या भाजीचा काही संबंध नव्हता," म्हणालो. "चूक माझी होती."

ती घड्या घालायची थांबली नाही.

"तुला कधी कळलं?"

"ती उघडीप पडली होती ना, तेव्हा. दुधीच्या बुडाशी पहार घालून बघितलं होतं मी."

"म्हणजे बाग उपटायच्या आधी."

"हो."

"सुतार यायच्याही आधी."

"हो."

तिनं हातातली घडी मांडीवर ठेवली.

"तेव्हा सासूबाई भरपूर पाणी प्यायच्या," ती म्हणाली. "ऊन फार होतं. दुपारी स्वतः तांब्या मागून घ्यायच्या."

मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. तिनं मारलं असतं तरी चाललं असतं. पण ती एवढंच बोलली, उठली, कपडे आत ठेवून आली आणि मला म्हणाली, "मागची भिंत उतरव. कुणाच्या अंगावर पडायच्या आत."

"आज?"

"आता."

मी छताला टेकू लावले आणि पहार घेतली. माझ्याच हातानं लावलेल्या विटा वरून एकेक सुट्या करत गेलो. ती खाली उभी राहून त्या घ्यायची, चुना-सिमेंट खरवडायची आणि बांधाला रचून ठेवायची. ऊन वर आलं, डोक्यावर आलं, कलायला लागलं. माझा घसा सुकून लाकूड झाला होता. पाण्याची कळशी तिथंच, तिच्या मागं ओट्यावर होती. पण तिच्याकडे पाणी मागायची माझी हिंमत झाली नाही.